जुलैमध्ये आल्प्स, बरोबर मुलं आणि आई: फुलपाखरं नेमकी कुठे आणि किती वाजता?

उन्हाळी_वाट

येत्या जुलैत १२ ते २२ अशी दहा दिवसांची सुट्टी आल्प्समध्ये घालवायची ठरली आहे. आम्ही दोघं, मुलं (वय ७ आणि ११) आणि आई (६८). आई सपाटीवर दोन तास आरामात चालतात, पण मोठा उतार गुडघ्यांना झेपत नाही. शिखरं, चॉकलेट, घड्याळं यांत कुणालाच फारसा रस नाही. मुलांना फुलपाखरं बघायची आहेत, त्यातही अपोलो. मार्मट (बिळात राहणारी मोठी डोंगरी खार) आणि आयबेक्स (डोंगरी रानबोकड) दिसले तर सोन्याहून पिवळं.

प्रश्न असे:
१. मुक्काम कुठे करावा? स्वित्झर्लंडमधलं झरमॅट, तिथलीच एंगाडीन दरी आणि इटलीतलं कोन्य ही तीन नावं डोक्यात आहेत. की तिन्ही करावीत?
२. दिवसाची आखणी कशी करायची?
३. दुर्बीण कोणती? फोनवर फुलपाखरांचे बरे फोटो येतात का?
४. धाकट्याला जाळी आणि बरणी न्यायची आहे. चालतं का?

जुन्या धाग्यांत "कुठल्याही कुरणात जा, दिसतील" एवढंच सापडलं. त्यापेक्षा नेमकं हवं आहे.

---

पाकोळी

तारखा उत्तम आहेत, त्या हलवू नका. मात्र तिन्ही ठिकाणं करू नका. दहा दिवसांत तीन मुक्काम म्हणजे दोन पूर्ण दिवस प्रवासात, आणि नेमके तेच दिवस लख्ख उन्हाचे निघतात. एकाच दरीत राहा. पहिल्या दिवशी जिथे काही दिसलं नाही तिथेच चौथ्या दिवशी सगळं दिसतं, कारण तोवर ऊन कुठल्या उतारावर कधी येतं ते कळलेलं असतं.

ठिकाणाच्या नावापेक्षा उंची, कापणी आणि घड्याळ या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत.

जुलैच्या मध्यात १,००० मीटरच्या खाली फुलांचा पहिला बहर ओसरलेला असतो. २,४०० च्या वर सावलीच्या उतारांवर बर्फाचे पट्टे शिल्लक असू शकतात. १,४०० ते २,२०० हा तुमचा पट्टा. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, त्यामुळे सगळा हंगाम डोंगर चढत जातो. खाली जूनमध्ये संपलेलं वर जुलैअखेर भेटतं. गंडोलाने (केबल कारने) ६०० मीटर वर जाणं म्हणजे काही आठवडे मागे जाण्यासारखं आहे. सकाळी खाली काही दिसलं नाही तर दुपारी वर जा, पण त्याच उंचीवरचं दुसरं गाव शोधत बसू नका.

कापणीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आल्प्समधली फुलांची कुरणं म्हणजे मोकळं रान नव्हे. तो गुरांचा हिवाळ्याचा चारा आहे आणि गवत जून-जुलैत कापलं जातं. कापलेल्या कुरणात दुसऱ्या दिवशी चिटपाखरूही नसतं. दोन वर्षांपूर्वीचा १० जुलैचा फोटो पाहून कुणी तिथे पोचतो आणि समोर गवताच्या गुंडाळ्या दिसतात, हे नेहमीचंच. उलट, न कापलेल्या उंच गवतात शिरणंही चुकीचं, कारण तुडवलेलं गवत नीट कापता येत नाही आणि शेतकरी रागावतो, रास्तच रागावतो. तेव्हा बघायच्या जागा म्हणजे कुरणाच्या कडा, गाडीवाटेचा उतार, दगडी गडगे, ओढ्याचे काठ आणि गंडोलाखालच्या पट्ट्या. अपोलोला तर गडगा आणि खडकाळ उतारच हवा, कारण त्याचा सुरवंट सेडम नावाच्या मांसल पानांच्या छोट्या रोपांवर वाढतो आणि ती रोपं दगडांच्या फटीत असतात. आधी सेडम शोधा. मग आजूबाजूला जांभळी फुलं, म्हणजे काटेरी थिसल, नॅपवीड, स्केबियस आहेत का ते बघा. दोन्ही असतील तर थांबा. नसतील तर पुढे चला.

आता घड्याळ. फुलपाखराला उडण्याआधी अंग तापवावं लागतं. साडेआठ ते दहा या वेळात अपोलो थिसलच्या बोंडावर पंख पसरून सुस्त बसलेलं असतं, हातभर अंतरावरून बघता येतं. अकरानंतर तेच फुलपाखरू उतारावरून तरंगत जातं आणि मुलं नुसती धावत राहतात. एक ते तीनच्या दरम्यान ढग जमतात, नंतर वादळी पाऊस येऊ शकतो. म्हणून फुलपाखरांचा दिवस साडेआठला सुरू करून एक-दीडला संपवा. हॉटेलचा नाश्ता आठला असेल तर आदल्या रात्री डबा मागून घ्या. नाश्त्याच्या वेळेपायी निम्मा खेळ हातचा जातो.

मुक्कामासाठी माझं मत कोन्यला. आओस्तापासून बस आहे. गाव १,५३४ मीटरवर, ग्रान पारादिझो राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर. गावापासून लिलाझपर्यंत ओढ्याकाठची जवळपास सपाट वाट आहे, आईंसाठी अगदी योग्य. दुसऱ्या बाजूला वालनोन्ते वस्ती (१,६६६ मी.). तिथून दरीच्या तळाने नदीकाठी हवं तितकं आत जायचं आणि परतायचं, चढ नावापुरता. वस्तीतच पारादिझिया हे अल्पाइन वनस्पतींचं उद्यान आहे, १९५५ पासूनचं, सुमारे हजार जातींची रोपं नावाच्या पाट्यांसह. पहिल्या दिवशी तिथे जा. सेडम, सॅक्सिफ्रेज, थाइम ही रोपं मुलांना तिथे ओळखता आली की बाहेर फुलपाखरं शोधणं सोपं होतं. (उद्यानाचं नाव ग्रान पारादिझोवरून आलेलं नाही, पारादिझिया नावाच्या पांढऱ्या लिलीवरून आलं आहे. क्विझसाठी बरं.)

---

दुर्बिणवाला

पाकोळींशी सहमत, फक्त प्राण्यांचं घड्याळ वेगळं असतं हे ध्यानात घ्या. मार्मट सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर असतात. भर दुपारी बिळात, कारण उष्णता त्यांना सोसत नाही. तुमच्या तारखांना एक खास फायदा आहे: जूनच्या आसपास जन्मलेली पिल्लं जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात प्रथमच बिळाबाहेर येतात. बिळापासून ३०-४० मीटरवर बसून राहिलात तर पिल्लांची कुस्ती बघायला मिळते. शिट्टी ऐकू आली की समजा, तुम्ही जास्तच जवळ गेलात. एकच लांब शिट्टी बहुधा गरुडासाठी असते, तेव्हा लगेच वर बघा. सलग तुटक शिट्ट्या म्हणजे जमिनीवरचा धोका: कोल्हा, कुत्रा किंवा तुम्ही.

काही ठिकाणी, उदाहरणार्थ सास-फे इथे, मार्मट हातातून गाजर घेतात आणि पर्यटक ते करतातही. मी म्हणेन, नको. हा प्राणी सहा-सात महिने न खाता झोपतो. त्याची चरबी उन्हाळ्यातल्या गवता-फुलांतून तयार व्हावी लागते, पाव-बिस्किटांतून नव्हे.

आयबेक्ससाठी ग्रान पारादिझोच खरं घर. एकोणिसाव्या शतकात आल्प्सभर शिकार होऊन हा प्राणी संपत आला होता. १८५६ मध्ये राजा व्हित्तोरिओ इमान्युएले दुसरा याने हा भाग स्वतःच्या शिकारीसाठी राखीव केला, म्हणून इथलेच तेवढे वाचले. १९२२ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. आज आल्प्समध्ये दिसणारे आयबेक्स याच कळपांचे वंशज आहेत. मात्र जुलैत नर वर चढलेले असतात. दरीच्या तळातून शोधायचे तर सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन-सावलीच्या सीमेवर, खडक आणि गवत मिळतात त्या रेषेवर दुर्बीण फिरवा. शिंगं लांब, मागे वळलेली आणि पुढून गाठीगाठींची तर आयबेक्सचा नर. आखूड, टोकाला आकड्यासारखी वाकलेली आणि चेहऱ्यावर काळा पट्टा तर शामवा, हा शेळीसारखाच दुसरा डोंगरी प्राणी. आयबेक्सच्या मादीची शिंगंही आखूड असतात, म्हणून निव्वळ लांबीवर जाऊ नका, चेहऱ्याचा पट्टा बघा.

जवळून बघायचे असतील तर वालनोन्तेहून व्हित्तोरिओ सेला रेफ्यूजपर्यंत (डोंगरावरचं मुक्कामाचं घर, सुमारे २,५८० मी.) जावं लागतं. चढ ९०० मीटरहून थोडा जास्त, मुलांना घेऊन चार तास धरा. एक पालक आणि अकरा वर्षांची व्यक्ती एवढ्यांनीच जावं, रात्री तिथे मुक्काम करावा. आयबेक्स संध्याकाळी आणि पहाटे रेफ्यूजच्या आसपास चरतात. जुलैत जागा आधी राखावी लागते. चादरीची झोपण्याची पिशवी स्वतःची न्यायची, रोख पैसे जवळ ठेवायचे. आयबेक्सच्या खाली उतारावर कधी बसू नका, ते चालताना दगड सोडतात.

दुर्बीण: पट ८ पुरे, १० नको, मुलांचा हात हलतो. ८×३० किंवा ८×३२ घ्या. दुकानात बघायच्या गोष्टी दोनच. पहिली, ती किती जवळचं स्पष्ट दाखवते. दोन मीटर किंवा त्याहून कमी हवं. बऱ्याच स्वस्त दुर्बिणी तीन-चार मीटरच्या आत धूसर दिसतात, म्हणजे फुलपाखरांसाठी निरुपयोगी. दुसरी, ती दुमडून धाकट्याच्या डोळ्यांच्या अंतराएवढी होते का. होत नसेल तर त्याला दोन गोल दिसतील, तो "दिसलं, दिसलं" म्हणेल आणि त्याला काहीही दिसलेलं नसेल. केवळ फुलपाखरांसाठी पेंटॅक्स पॅपिलिओ ६.५×२१ ही छोटी दुर्बीण अर्ध्या मीटरवरचंही स्पष्ट दाखवते. दूरच्या आयबेक्ससाठी मात्र ती तोकडी पडते.

आकाशाकडेही लक्ष ठेवा. दाढीवाल्या गिधाडाच्या पंखांचा विस्तार अडीच मीटरहून जास्त असतो, पण आकाशात मोजपट्टी नसते, म्हणून शेपूट बघा. लांब आणि पाचरीसारखी निमुळती तर दाढीवालं गिधाड. आखूड तर ग्रिफन गिधाड. पंख किंचित वर उचलून इंग्रजी व्हीसारखे धरलेले आणि शेपूट पंख्यासारखी तर सोनेरी गरुड. दाढीवालं गिधाड उताराला चिकटून, कड्याच्या अगदी जवळून उडतं, त्यामुळे ते कित्येकदा आपल्या पायांखालच्या उंचीवरून जातं. हा पक्षी आल्प्समधून नाहीसा झाला होता. १९८६ मध्ये ऑस्ट्रियातल्या राउरिस दरीत पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडून सुरुवात झाली. पंखांची काही पिसं मुद्दाम फिकी केलेली दिसली तर ते असंच सोडलेलं तरुण गिधाड. फोटो घ्या, पिसांच्या जागेवरून तो नेमका कोणता पक्षी ते कळतं.

---

सुरवंट७

जाळी आणि बरणी घरीच ठेवा. राष्ट्रीय उद्यानात पकडणं बेकायदा आहे. अपोलोला तर युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशाखाली कडक संरक्षण आहे, उद्यानाबाहेरसुद्धा. आणि धाकट्याला सांगायचं व्यावहारिक कारण म्हणजे अपोलोचे पंख तेलकट कागदासारखे असतात, खवले पातळ, एकदा जाळीत अडकलं की कडा फाटतात.

जाळीऐवजी घाम वापरा. चेष्टा नाही. निळी फुलपाखरं (ब्लूज) क्षारांच्या मागे असतात. ओल्या गाडीवाटेवर, गुरांनी मुतलेल्या जागी, ओढ्याच्या वाळूत त्यांचे थवे चिखलपान करतात आणि त्यात बहुतेक सगळे नर असतात. अशा जागेपासून दोन मीटरवर मुलांना बसवा, चाललेले घामट हात मांडीवर उताणे ठेवायला सांगा. पाच-दहा मिनिटांत एखादं येऊन बोटावर बसतं आणि सोंड लावतं. अट एवढीच की त्या हाताला सनस्क्रीन नको. म्हणजे हाताला कापडी बाही, तळवा उघडा. उंचीवर अतिनील किरण तीव्र असतात, तेव्हा सनस्क्रीन टाळायचं ते फक्त तळव्यापुरतं.

अपोलोबद्दल नेहमीची चूक: "दोन हजार मीटरच्या वर दिसलं म्हणजे स्मॉल अपोलो." उंचीवरून ठरवू नका, दोघांचे पट्टे एकमेकांत घुसतात. स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) बघा. अपोलोच्या स्पृशांची काडी जवळपास एकरंगी, फिकट राखाडी. स्मॉल अपोलोच्या स्पृशांवर काळे-पांढरे ठळक पट्टे, तारेला चिकटपट्टी गुंडाळावी तसे. शिवाय स्मॉल अपोलोच्या बहुतेकदा पुढच्या पंखावरही वरच्या कडेजवळ लाल ठिपका असतो. अपोलोच्या पुढच्या पंखावर फक्त काळे, लाल डोळे मागच्या पंखावर. जागाही वेगळी: स्मॉल अपोलो ओढ्याकाठी, जिथे पिवळा सॅक्सिफ्रेज पाण्यात पाय सोडून वाढतो, कारण तेच त्याच्या सुरवंटाचं खाद्य. थंड सकाळी अपोलोला डिवचलं तर ते पंख ताडकन उघडून लाल डोळे दाखवतं आणि पाय पंखांवर घासून खरखर आवाज काढतं. बघायला भारी वाटतं, पण मुद्दाम करायला लावू नका, त्यात त्याची साठवलेली ऊब जाते.

तपकिरी फुलपाखरं, पंखावर केशरी पट्टा आणि त्यात काळे ठिपके, अशी तुम्हाला शेकड्यांनी दिसतील. हे एरेबिया. आल्प्समध्ये त्यांच्या तिसाहून जास्त जाती आहेत आणि जाणकारही त्यात अडखळतात. मुलांना "एरेबिया" एवढंच पुरे म्हणा. नाव हवंच असेल तर मागच्या पंखाच्या खालच्या बाजूचा फोटो लागतो, वरच्या बाजूने बहुतेकदा निकाल लागत नाही. ब्लूजचंही तसंच, खालच्या ठिपक्यांची रचना हवी. म्हणून प्रत्येक फुलपाखराचे दोन फोटो: पंख उघडे आणि पंख मिटलेले.

फोनवर फोटो: मुख्य लेन्स घेऊन अगदी जवळ जाऊ नका, दोन किंवा तीन पटीची टेलिफोटो लेन्स वापरून ती जितक्या जवळचं स्पष्ट दाखवते तितक्या अंतरावर थांबा. उभ्याने वाकू नका. लांबूनच गुडघ्यावर या, मग सरका. फुलपाखरू आकारापेक्षा हालचालीला आणि अंगावर पडलेल्या सावलीला बिचकतं. म्हणून सूर्य कुठे आहे ते बघून अशा बाजूने जा की तुमची सावली त्याच्यावर पडणार नाही.

ढग आला की लोक पाठपिशव्या बांधतात. हीच चूक. ढग येताच एरेबिया आणि छोटी फ्रिटिलरी (केशरी, काळ्या नक्षीची फुलपाखरं) गवतात खाली बसतात. नजर न हलवता ती काडी लक्षात ठेवा आणि मोठ्या मुलाला "पहारेकरी" करा. पाच-सात मिनिटांनी ऊन परत आलं की ते तिथेच पंख उघडून तापत बसतं. दिवसातले सगळ्यात चांगले फोटो याच वेळी मिळतात.

नोंद ठेवायला सीक हे फोटोवरून जीव ओळखणारं अॅप मुलांसाठी बरं, त्यात खातं उघडावं लागत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर पालकांच्या खात्यातून टाका, आणि दुर्मीळ काही असेल तर जागा अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडा. अजूनही पकडणारे आहेत.

काळ्या पंखांवर लाल ठिपके असलेले, फुलावर सुस्त बसणारे किडे दिसले तर ते फुलपाखरू नव्हे, बर्नेट पतंग. ते दिवसा उडतात आणि अंगात सायनाइडयुक्त विष बाळगतात. बघायला हरकत नाही. हातात घेतलं तर हात धुतल्याशिवाय खाऊ नको, एवढं धाकट्याला बजावा.

---

शेवाळ

कोन्य चांगलं आहेच, पण दुसरी बाजू मांडतो. आईंना उंचीवर न्यायचं असेल आणि उतरायचं नसेल, तर एंगाडीनच्या खालच्या भागातलं श्कुओल जास्त सोयीचं. गंडोलाने मोटा नालुन्सला (२,१४२ मी.) जायचं, वर फिरायचं, गंडोलानेच खाली यायचं. गावाच्या आसपास सेंट, फ्तान, रामोश या उन्हाच्या बाजूच्या गावांभोवती कोरड्या कुरणांच्या पायऱ्या आहेत आणि फुलपाखरांसाठी तो भाग नावाजलेला आहे. स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर स्विस फॅमिली कार्ड मोफत मागून घ्या, मग ६ ते १५ वयाची मुलं आईबाबांबरोबर विनातिकीट प्रवास करतात. आपणहून कुणी देईलच असं नाही, मागावं लागतं.

मात्र "एंगाडीन म्हणजे स्विस नॅशनल पार्क" असं समजून फुलपाखरांसाठी तिथेच दिवस घालवू नका. १९१४ मध्ये स्थापन झालेलं ते पार्क नियमांच्या बाबतीत आल्प्समध्ये सगळ्यात कडक आहे. वाट सोडायची नाही, फोटोसाठी एक पाऊलसुद्धा नाही. बसायचं ते ठरवून दिलेल्या विश्रांतीच्या जागीच. फूल तोडायचं नाही, दगड उचलायचा नाही, कुत्रा दोरीलाही नको, ड्रोन नको. प्रवेश मोफत असतो, दंड मोफत नसतो. सात वर्षांच्या मुलाला फुलपाखरू वाटेपासून तीन मीटरवर दिसलं आणि जायचं नाही म्हटलं की पुढची पंधरा मिनिटं रडारड. म्हणून पार्कात प्राणी आणि पक्षी बघा, फुलपाखरं बाहेर. त्सेर्नेझच्या केंद्रातून सुरुवात करा. एक दिवस इल फुओर्न ते अल्प श्टाबेलखोड, दाढीवाल्या गिधाडांसाठी. १९९१ पासून तिथे पिल्लं सोडली होती. वाटेत आरोला पाइनच्या बिया लपवत फिरणारा नटक्रॅकर दिसेल, पार्कच्या बोधचिन्हावरचा पक्षी तोच. व्हाल त्रुपखुनचं नाव कुठेही वाचाल, पण तिथलं मोठं आकर्षण म्हणजे लाल हरणांची डरकाळी, आणि ती सप्टेंबरच्या उत्तरार्धात. जुलैत त्या लांब वाटेवर मुलांना ओढू नका.

झरमॅट तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन. सुनेगा ते ब्लाउहेर्ड भागात मार्मट हमखास असतात, पण गर्दी आणि खर्च दोन्ही जास्त, आणि सकाळी लवकर वर पोचणं लिफ्टच्या पहिल्या फेरीवर अवलंबून.

वर कुणी न लिहिलेली गोष्ट: मेंढ्यांच्या कळपात राखण करणारे मोठे पांढरे कुत्रे. लांडगे परतल्यापासून आल्प्समध्ये ते बऱ्याच भागांत आहेत. वाटेवर पाटी असते. कुत्रा भुंकत आला तर थांबायचं, धाकट्याला दोघांच्या मध्ये घ्यायचं, काठ्या खाली, डोळ्यांत बघायचं नाही, ओरडायचं नाही. तो हुंगून शांत झाला की कळपाला मोठा वळसा घालून हळू निघायचं. धावलं की तो पाठलाग करणार. वासरांबरोबरच्या गाईंपासूनही लांबच राहा, कुत्र्यांपेक्षा त्या निमूट दिसतात म्हणून लोक फसतात. फाटक उघडलं तर मागे लावा. तारेत बहुधा वीज असते.

---

उन्हाळी_वाट

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं उत्तर अपेक्षित नव्हतं. आईंचा विचार करून कोन्यच ठरवतोय, रेफ्यूजला मी आणि थोरली जाऊ. तीन शंका उरल्या:

पाऊस लागून राहिला तर मुलांना काय दाखवायचं? काळा सॅलॅमँडर पावसात निघतो असं वाचलं, तो कोन्यला आहे का?
गोचिडींची कितपत काळजी करावी?
आणि आम्ही २२ ऐवजी २६ पर्यंत राहू शकलो तर फरक पडेल का?

---

पाकोळी

काळा अल्पाइन सॅलॅमँडर कोन्यला शोधू नका. तो उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या जास्त पावसाच्या भागांतला: बेर्नर ओबरलँड, ऑस्ट्रियाचा साल्झबुर्ग वगैरे. आओस्ता दरी कोरडी आहे. तो अंडी पाण्यात घालत नाही, पिल्लंच जन्माला घालतो आणि त्यासाठी दोन-तीन वर्षं घेतो, म्हणून त्याला पाण्याचं डबकं लागत नाही, ओलावा मात्र लागतो. तिकडे कधी गेलात तर रात्रीच्या पावसानंतर सकाळी सहा ते आठ पायवाटेवर बघत चाला. तुडवला जाण्याचा धोका मोठा असतो. हात लावू नका, त्वचेवरचा स्राव डोळ्यांत गेला तर झोंबतो.

कोन्यला पावसाचा दिवस म्हणजे नेटलच्या झुडपांवर सुरवंट शोधायचा दिवस. नेटलवर स्मॉल टॉर्टॉइजशेलचे काळे, काटेरी सुरवंट झुंडीने सापडतात, पानांवर जाळ्यासारखे धागे दिसले की तिथे बघा. नेटल हाताला चावते, पान काडीने उलटा. अपोलोचा सुरवंट (मखमली काळा, बाजूने केशरी ठिपके) जुलैच्या मध्यात मिळणं अवघड, त्या उंचीवर तोवर बहुतेक कोषात गेलेले असतात.

आणि पाऊस उघडल्यावरचा पहिला तास चुकवू नका. वाटेवर डबकी, वर ऊन, दोन दिवस उपाशी फुलपाखरं. चिखलपानाचे सगळ्यात मोठे थवे तेव्हाच दिसतात. हॉटेलातून निघायला तासभर लावलात तर डबकी सुकतात.

२६ पर्यंत राहिलात तर फायदा आहे, पण तो वरच्या पट्ट्यात. २,००० च्या वरची फुलं जुलैअखेरीस भरात येतात आणि सिंथियाज फ्रिटिलरी (पांढरं-केशरी नर, ओळखायला सोपं) सारखी उंचीवरची मंडळी ठीक दिसू लागतात. वालनोन्तेच्या तळाला मात्र तोवर कापणी पुढे सरकलेली असेल.

---

दुर्बिणवाला

गोचिडी: मुख्यतः १,५०० मीटरच्या खाली, झाडीच्या कडेला आणि उंच गवतात. वर अगदीच नाहीत असं नाही. पँट मोज्यांत खोचा. रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागे आणि मुलांच्या केसांच्या रेषेवर बघा. सापडली तर टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, तेल किंवा जळती काडी लावू नका, तिच्या पोटातलं जखमेत जातं. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरणारं लाल वर्तुळ उमटलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, त्यांना आपणहून सुचणार नाही. गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वरावर लस आहे, पण तिचे डोस काही महिन्यांत विभागलेले असतात. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या सखल भागातून फिरणार असाल तर आत्ताच डॉक्टरांना विचारा, जूनपर्यंत थांबू नका.

रेफ्यूजच्या रात्रीसाठी दोन कपाळदिवे घ्या, लाल प्रकाशाची सोय असलेले. पहाटे पाचला आयबेक्स बघायला निघताना पांढरा झोत टाकला की आयबेक्स तर जातातच, शिवाय दहा जणांच्या खोलीतले नऊ जण जागे होतात.

---

सुरवंट७

एक राहिलं. सेलाच्या वाटेवर चढताना अपोलो शोधत वेळ घालवू नका, उतरताना शोधा. चढायला सकाळी लवकर निघाल तेव्हा ऊन नीट आलेलं नसेल. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून आठच्या सुमारास उतरायला लागलात की साडेनऊ-दहाला बरोबर थिसलच्या पट्ट्यात पोचता, तेव्हा ऊन आलेलं असतं. वाटेत ओढा ओलांडाल तिथे पिवळा सॅक्सिफ्रेज दिसला तर दहा मिनिटं थांबा आणि स्पृशा बघा.